पाऊण गुणिले चार

डिचोली
२१ जून १९८७

सौ. सुशीलाबाई रेडकर यांस,

मी मनीषाच्या शाळेतला गावस गुरुजी. शाळेच्या रजिस्टरातून तुमचा आरोंद्याचा पत्ता काढून हे लिहितो आहे. नाव घालताना तुम्ही अंगठा उठवला होता, म्हणजे हे पत्र मनीषाच तुम्हाला वाचून दाखवणार. मने, घाई करू नकोस. स्वल्पविरामाला थांब, आणि आईला कळलं की मगच पुढे जा.

पावसात खाणीवरचं काम बंद पडतं, ट्रक झाकून ठेवतात आणि तुम्ही मंडळी नदीपलीकडे गावी जाता, हे दरवर्षीचं आहे. पण दरवर्षी जाताना तुम्ही शाळेत सांगून जाता. यंदा मनीषाचा बाप गोपाळ आला नाही, तुम्ही आला नाहीत. मनीषा तर फेब्रुवारीपासूनच वर्गात नव्हती. चौथीची वार्षिक परीक्षा झाली, तिची जागा रिकामी राहिली. निरोप धाडला तर तुम्ही कळवलंत की तिला डोकं नाही, पाणी तरी भरेल. हे मला पटलेलं नाही.

त्या दिवशी शाळा तपासायला साहेब आले होते. मनीषाला गणित घातलं, तिचं उत्तर चुकलं, मी जरा रागावलो. एवढंच झालं. गुरुजी रागावतातच, त्याचा एवढा बाऊ करायचा नसतो. माझ्या गुरुजींनी तर मला चिंचेच्या फोकाने झोडलं होतं आणि मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या ओळीत बसलो होतो.

आता कामाचं. ऑक्टोबरात ट्रक सुरू होतील तेव्हा तिला घेऊन या. मी तिची परीक्षा वेगळी घेईन. शाळेत शिक्षक दोनच, त्यातला हेडमास्तर मी, तेव्हा अडवणारा कोणी नाही. पाचवीत बसवण्याची जबाबदारी माझी.

मने, खाली थोडी जागा कोरी सोडतो. तिथे हे सोडव: दोन तृतीयांश गुणिले सहा. रीत दाखवायची. नुसतं उत्तर लिहायचं नाही.

इकडे गोवा राज्य झालं. बाजारात पेढे वाटले, मीही एक खाल्ला.

गावस गुरुजी

----

डिचोली
८ नोव्हेंबर १९८७

सौ. सुशीलाबाई,

दिवाळी होऊन गेली, ट्रक कधीच सुरू झाले, रस्ता पुन्हा तांबड्या धुळीने माखला. तुमच्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड आलंय. गोपाळबरोबर सुर्ल्याहून माल वाहणारा एक ड्रायव्हर नाक्यावर भेटला. त्याला विचारलं तर म्हणाला, गोपाळ आता रेतीच्या होड्यांवर आहे, इकडे यायचा नाही. त्याला जास्त काही ठाऊक नव्हतं, की सांगायचं नव्हतं, कोण जाणे.

पत्राला उत्तर नाही. मनीषा रुसली असेल असं मी धरून चाललो आहे. तिचा रुसवा मला माहीत आहे. दुसरीत असताना खडू दिला नाही म्हणून दोन दिवस पाठ करून बसली होती. तो गेला तसा हाही जाईल. पण त्यासाठी मला मागच्या पत्रापेक्षा थोडं अधिक लिहायला हवं, असं आमच्या घरातून सांगणं आहे. सुमंगला, म्हणजे माझी बायको, पहिलं पत्र टाकण्यापूर्वी तिने वाचलं होतं. वाचून म्हणाली, हे अर्धंच आहे.

तर ऐका. तो फेब्रुवारीतला बुधवार होता. कोकणीला राजभाषा करणारा कायदा होऊन आठवडाच झाला होता. त्याआधीचे दोन महिने कसे गेले ते तुम्ही पाहिलंत. रस्त्यावर झाडं आडवी टाकलेली, एसटी बंद, आणि बाजारात कोण कुठल्या बाजूचा हे बघून माणसं नमस्कार करायची. मी मराठीच्या बाजूचा, हे साऱ्या डिचोलीला ठाऊक आहे. अशात आवई उठली की साहेब शाळाशाळांत येतात ते मुलं कुठली भाषा बोलतात ते लिहून नेण्यासाठी. मुलं कोकणी बोलली तर शाळा मराठीची राहणार नाही. खरं होतं की खोटं, देव जाणे. आम्ही खरं मानलं. आठ दिवस मी मुलांकडून एकच घोकून घेत होतो: साहेबांसमोर पुस्तकातली भाषा. घरातला एक शब्द तोंडातून निघता कामा नये.

साहेब खुर्चीवर बसले. मी फळ्यावर पाऊण गुणिले चार लिहिलं. तीन छेद चार, गुणिले चार. मनीषाने हात वर केला. मीच तिला उठवलं, कारण वर्गात तिच्याइतकं झटकन कोणी सांगत नाही. ती म्हणाली, “तीन, गुरुजी. चार खेपो घातल्यार तीन कळशे भरतत.”

 ती तुमची मालवणी, मराठीचीच लेक. पण साहेबांच्या कानाला ती कोकणीच लागणार, असं वाटलं. मी म्हटलं, “चूक. खाली बस.”

ती बसली नाही. साहेबांकडे बघत राहिली. मी पुन्हा म्हटलं, आवाज चढवून. मग बसली.

आता तुम्ही विचाराल, उत्तर चूक होतं का? तिने रीत सांगितली नव्हती. अंशाला पूर्णांकाने गुणायचं, छेद तसाच ठेवायचा, मग भाग द्यायचा, अशा तीन पायऱ्या आहेत. तिने एकही पायरी न चढता थेट उत्तर दिलं. परीक्षेत अशा उत्तराला पूर्ण गुण मिळत नाहीत. त्या अर्थाने मी चूक म्हटलं.

मने, हे वाचून आईला समजावून सांग, आणि मला दोन ओळी धाड. तुझी पाटी मी शाळेत ठेवली आहे.

गावस गुरुजी

----

डिचोली
१४ फेब्रुवारी १९८८

सुशीलाबाई,

गेल्या रविवारी मी किरणपाणीपर्यंत आलो होतो. धक्क्यावर होडी लागलेली होती, पलीकडे आरोंद्याचे माड दिसत होते. होडीवाल्याने दोनदा विचारलं, येताय का. मी म्हटलं, माणसाची वाट बघतोय. होडी गेली, परत आली, पुन्हा गेली. मग मी एसटी पकडून डिचोलीला आलो. सुमंगलेला म्हटलं, कोणी भेटलं नाही. तिने माझ्या चपलांकडे पाहिलं. त्यांना नदीची रेती लागलेली नव्हती. एवढंच म्हणाली, “पत्रां कित्याक बरयतात? वचून सांगून येयात.” पत्रं कशाला लिहिता, जाऊन सांगून या म्हणे. काय सांगून येऊ, ते तिला विचारायची माझी छाती झाली नाही, कारण तिला ते माहीत आहे.

यंदाच्या चौथीला गेल्या आठवड्यापासून अपूर्णांक शिकवतो आहे. पोरांनी मला हैराण केलं. पाऊण गुणिले दोन घातलं, बाविसातल्या सतरा जणांनी सहा छेद आठ लिहिलं. वरही दोनाने गुणायचं, खालीही दोनाने. मी फळ्यावर भाकरी काढली, तिचे चार तुकडे केले, समजावलं की पाऊण भाकरी दोनदा घेतली तर दीड होते. तुम्ही वर वाढवता आणि खाली तुकडे बारीक करता, म्हणजे भाकरी होती तेवढीच राहते, वाढलं काहीच नाही. मुलं माना डोलवतात आणि पुन्हा तेच लिहितात. शेवटी विचारलं, हे तुम्हाला शिकवलं कोणी? तर म्हणाली, दादाने, ताईने. दादाताई म्हणजे माझी गेल्या वर्षीची चौथी.

आता ते कसं झालं ते सांगायला हवं. मागच्या पत्रात मी हातचं राखून लिहिलं.

मनीषाला खाली बसवलं. साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. मी घाबरलेला होतो, तो डाग लगेच पुसायचा होता. म्हणून जयराम खोत यांच्या गौरेशला उठवलं. त्यांच्या घरी वर्तमानपत्र येतं, मुलगा पुस्तकासारखा बोलतो. तो उभा राहिला आणि स्वच्छ म्हणाला, “तीन गुणिले चार बारा, चार गुणिले चार सोळा, म्हणून उत्तर बारा छेद सोळा.” मी म्हटलं, “शाब्बास.”

मी आकडे ऐकलेच नव्हते. कसा बोलतो तेवढंच ऐकत होतो. सगळ्या वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या. साहेबांनी मान वर करून फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शेरा लिहिला: समाधानकारक. ते गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगता आलं असतं. पण मग मनीषाचंही सांगावं लागलं असतं, आणि गौरेशच्या वडिलांच्या कानावर गेलं असतं. मी मूग गिळून बसलो. पुढचा धडा दशांशांचा होता, तो घेतला.

मनीषा आणखी चार दिवस आली. शेवटच्या बाकावर बसली. मग आली नाही.

सुशीलाबाई, मुलीला धाडा. तुम्हाला यायचं नसेल तर ती आमच्या घरी राहील. आम्हाला मूलबाळ नाही, सुमंगला तिला जीव लावेल. एक मुलगी एवढ्याशा कारणाने शाळेबाहेर राहिली तर मला ते सहन होणार नाही.

गावस गुरुजी

----

आरोंदा
१० एप्रिल १९८८

रा. रा. गावस गुरुजी यांस,

मी नारायण, इथला पोस्टमन. सुशीलाबाई सांगतात तसं लिहीत आहे. तुमची तिन्ही पत्रं पोचली. पहिलं मनीषाने स्वतः वाचलं. पुढची दोन मी वाचून दाखवली, कारण मनीषा आता नाही. गेल्या श्रावणात तिला ताप आला. तीन दिवस घरीच काढा दिला. चौथ्या दिवशी पाऊस धरून होता, तालुक्याला न्यायला गाडी मिळेपर्यंत दुपार झाली, आणि ती वाटेतच गेली. गोपाळ तेव्हापासून ट्रकवर गेला नाही.

तुमचं दुसरं पत्र आलं तेव्हाच मी बाईंना म्हटलं, उत्तर लिहू, गुरुजींना कळवू. त्या नको म्हणाल्या. पत्रात तुम्ही मनीषाला हाक मारता, थांबून वाच म्हणता, ते त्यांना ऐकायचं असे. कळवलं तर ते बंद होईल, अशी भीती होती. दर रविवारी त्या माझ्या घरी येतात आणि तीच पत्रं पुन्हा वाचून घेतात. माझ्याकडून हे आधी कळवलं गेलं नाही, त्याची क्षमा करा.

तिसरं पत्र ऐकल्यापासून मात्र बाई अस्वस्थ आहेत. म्हणून आज लिहायला लावलं. यापुढचं त्यांच्या तोंडचं आहे.

त्या म्हणतात, त्या दिवशी पोरगी शाळेतून आली आणि सारखी सांगत राहिली की माझंच बरोबर आहे. तुम्हाला माहीत आहे, खाण खोल गेल्यावर वाड्यावरच्या विहिरी आटल्या आणि पाणी खालच्या झरीवरून आणावं लागे. चढ एवढा की भरलेली कळशी हिंदकळून अर्धी सांडते, म्हणून पोरी पाऊणच भरून आणतात. मोठं भांडं भरायला तीन कळश्या लागतात आणि त्यासाठी मनीषा चार खेपा घालायची. तिला हे पाठ होतं. ती आईला म्हणाली, “गौरेशाचा खरा तर मगे तीन खेपांचा पाणी खंय गेला?” गौरेशच्या उत्तराने चार खेपा घालूनही पाऊणच कळशी भरते, असं तिचं म्हणणं. आईला त्यातलं काही कळलं नाही. सुशीलाबाई म्हणाल्या, “गुरुजी चुकाचे नाय. तू गप रव.” ती गप्प राहिली. पाचव्या दिवशी दप्तर टांगून ठेवलं आणि म्हणाली, मला डोकं नाही.

जूनमध्ये तुमचं पत्र आलं. तिनेच मोठ्याने वाचलं. उत्तर चुकलं असं तुम्ही लिहिलेलं होतं तेही तिनेच वाचलं. आई म्हणाली, बघ, आता तर गुरुजींनी लिहूनच दिलं.  मग तिने पेन्सिल घेऊन तुम्ही दिलेलं गणित सोडवलं, आणि हा कागद गुरुजींना धाडायचा म्हणून फडताळात ठेवला. तेवढ्यात आजार आला.

तो कागद यासोबत आहे. तिच्या हातचं एवढंच आमच्याकडे आहे, तेव्हा कृपा करून परत धाडा. सुशीलाबाईंचं मागणं असं की तुम्ही तो तपासावा आणि लाल पेनाने बरोबर करून द्यावा. आणि त्या दिवशीचं खरं काय होतं तेही कळवावं. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहितो: “माजा चेडू बरोबर होता काय, तेवढा सांगा. मी तेका गप केलंय.”

नारायण, पोस्टमन

----

डिचोली
१७ एप्रिल १९८८

सुशीलाबाई,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. नारायणरावांना त्रास नको. उद्या सकाळच्या होडीने येईन आणि मीच वाचून दाखवीन. तोंडाने सांगायला गेलो तर मी पुन्हा काहीतरी राखून ठेवीन, माझा मला भरवसा नाही. म्हणून लिहून आणतो, आणि लिहिलेलं सगळं वाचतो. तुम्ही घरात घेतलं नाहीत तर अंगणात उभा राहून वाचेन.

तुमचं पत्र मंगळवारी शाळेत आलं. मी ते वर्गातच उघडलं. वाचल्यावर मुलांना घरी सोडलं आणि दार लावून घेतलं. मी तिला पाचवीत बसवणार होतो. तिच्यासाठी पाटी पुसून ठेवत होतो. ज्या दिवसांत मी रुसवा, रुसवा म्हणत होतो त्या दिवसांत ती या जगातच नव्हती. मी पन्नाशीचा माणूस, वर्गात बाकावर बसून रडलो. सुमंगलेला सांगितल्यावर ती देवघरात जाऊन बसली.

मग तो कागद घेतला. माझंच पत्र, माझंच अक्षर, आणि खाली कोऱ्या जागेत पेन्सिलीने तिचं.

दोन तृतीयांश गुणिले सहा. तिने लिहिलंय: दोन गुणिले सहा बारा. तीन गुणिले सहा अठरा. म्हणून उत्तर बारा छेद अठरा. खाली रेघ मारली आहे, सुबक, पट्टी लावून.

चार दिवस मी लाल पेन घेऊन बसतो आहे. बरोबरची खूण करायला किती वेळ लागतो? तुम्ही तो कागद जपून ठेवाल, गोपाळला दाखवाल, म्हणाल पोर शिकलेली होती. तुम्हाला कोणी येऊन सांगणार नाही की ते चूक आहे. आणि या कागदावर, गौरेशच्या रीतीला, बरोबर लिहिलं की तिचं त्या दिवशीचं चूक ठरतं, म्हणजे तुम्ही तिला गप्प केलंत ते रास्तच होतं, असं होईल. तुमच्या जिवावरचं ओझं उतरेल. माझंही उतरेल. बुधवारी मी पेनाचं टोपण काढलंही होतं.

पण मग ती कायमची चुकलेली राहील. आणि ती चुकलेली नव्हती.

सुशीलाबाई, त्या दिवशी तिचं उत्तर बरोबर होतं. पाऊण गुणिले चार म्हणजे तीन. रीत दाखवली नाही, पायऱ्या सांगितल्या नाहीत, हे मी तुम्हाला लिहिलं ते सगळं माझी लाज झाकण्यासाठी होतं. रोज डोक्यावर पाणी वाहून जे तिला कळलं होतं ते मी सतरा मुलांना भाकरी काढूनही शिकवू शकलो नाही. तिने उत्तर सांगितलं, कारणही सांगितलं, आणि मी तिला चूक म्हटलं, कारण मी भ्यालो होतो. ती घरच्या भाषेत बोलली, यापलीकडे तिचा काही गुन्हा नव्हता.

या कागदावरचं उत्तर मात्र चूक आहे. बरोबर उत्तर चार. तिला ते येत नव्हतं असं मला वाटत नाही. ज्या रीतीला मी शाब्बास म्हटलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या त्या रीतीने तिने ते केलं. मला आवडावं म्हणून केलं. तिचं खरं होतं ते तिने माझ्यासाठी सोडून दिलं. हे वाचताना मी अडलो तर थोडं थांबा, मी पुन्हा वाचेन.

तुम्ही म्हणता, मी तेका गप केलंय. तुम्ही तिला माझ्या भरवशावर गप्प केलंत. शाळा न शिकलेली आई गुरुजींवर विश्वास टाकणार नाही तर कोणावर टाकेल? तुमच्या वाट्याचा दोष मी मागून घ्यायला येतो आहे. तो दिल्याने तुमचं दुःख उणं होणार नाही, तेवढं मला समजतं.

शुक्रवारी चौथीला सगळं सांगितलं, नावासकट. संध्याकाळी खोतांच्या घरी जाऊन गौरेशलाही सांगितलं. पोरगा बिचारा खाली मान घालून बसला. म्हणाला, मला तेव्हाच माहीत होतं, ती बरोबर आहे म्हणून. सगळ्या वर्गाला माहीत होतं.

तिचा कागद तुम्हाला परत देतो आहे. त्यावर मी काहीही खूण केलेली नाही. तो तिच्या हातचा आहे, तसाच राहू दे.

त्याच्याबरोबर दुसरा कागद आणतो आहे. वर तिचं नाव घातलंय, मनीषा गोपाळ रेडकर, इयत्ता चौथी, तारीख ११ फेब्रुवारी १९८७. मधे तिने त्या दिवशी म्हटलं ते वाक्य, तिच्याच बोलीत, एकही शब्द न बदलता. त्याच्यापुढे लाल पेनाने बरोबरची खूण आहे.

शिवदास गावस